‘बाबा, सगळेच घेतात का?’

ताई, नमस्कार.
मी साताऱ्यात बँकेत नोकरी करतो. पाच वर्षांपासून पळतो. दर रविवारी आमचा ग्रुप यवतेश्वरचा घाट चढून येतो. मुलगी सोळा वर्षांची आहे, ३,००० मीटर पळते. जिल्ह्यात पहिली आली, आता राज्य स्पर्धेची तयारी चालू आहे. तिच्या खोलीत केनियाची मॅरेथॉन धावपटू रूथ चेपनगेटिच हिचं पोस्टर होतं. उत्तेजकांवरून रूथवर बंदी आल्याची बातमी वाचून तिने ते काढलं आणि मला विचारलं, “बाबा, सगळेच घेतात का?” मला उत्तर देता आलं नाही. ग्रुपमध्ये विचारलं तर तिथे दोन तट. एक म्हणतो, विश्वविक्रम मोडणारा प्रत्येक जण काहीतरी घेतोच. दुसरा म्हणतो, ते लोक जन्मालाच तसे येतात, आपली पोरं कितीही पळाली तरी तिथवर पोचायची नाहीत. खरं काय मानायचं? तिच्या सरांनी राज्य स्पर्धेआधी एक पावडर आणि ‘रिकव्हरी’ची दोन इंजेक्शनं सुचवली आहेत, बाकीच्या मुलीही घेतात म्हणे. त्याबद्दलही सांगितलंत तर बरं.
– एक पळणारा बाप, सातारा

दादा, नमस्कार.

इंजेक्शनांचं तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी सुरुवात तिथूनच करते. ती इंजेक्शनं मुलीला देऊ नका. पावडरचा डबाही तूर्त न उघडता बाजूला ठेवा. कारण पुढे येईलच. आता पोस्टरकडे वळू.

१३ ऑक्टोबर २०२४ ला रूथ शिकागोची मॅरेथॉन २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांत पळाली. दोन तास दहा मिनिटांच्या आत आलेली ती पहिली बाई. आधीचा विक्रम इथिओपियाच्या टिगिस्ट असेफाचा, २:११:५३. म्हणजे एका सकाळीत जवळजवळ दोन मिनिटं खाली. तुम्ही स्वतः पळता, तेव्हा तुम्हाला हा वेग समजावून सांगायला नको: किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं ५ सेकंद, आणि असे बेचाळीस किलोमीटर. शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेतच तिला डोपिंगबद्दल प्रश्न विचारला गेला. पुष्कळांना तो प्रश्न तेव्हा असभ्य वाटला होता.

मग १४ मार्च २०२५ ला घेतलेल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं. जुलैत निलंबन जाहीर झालं आणि ऑक्टोबरात तीन वर्षांची बंदी. गंमत अशी की हे औषध कुणाला वेगाने पळवत नाही. रक्तदाबावरचं, लघवी वाढवणारं हे साधं औषध. घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल आणि तिच्या नावामागे ‘एच’ लागलेला असेल, तर तो एच बहुधा याचाच. खेळात बंदी एवढ्यासाठी की लघवी पातळ झाली की इतर द्रव्यांचा माग पुसट होतो. दखल घेण्याची मर्यादा मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम आहे. तिच्या नमुन्यात ३,८०० निघालं. सुरुवातीला तिला कारण देता आलं नाही, नंतर घरकामाच्या बाईची गोळी घेतली होती असं तिने सांगितलं.

पण तिचा शिकागोचा विक्रम रद्द झालेला नाही. नमुना मार्चचा, विक्रम त्याआधीच्या ऑक्टोबरचा, आणि त्या दिवसाबद्दल हातात काही नाही. तुमच्या ग्रुपमधला पहिला गडी म्हणेल, “बघा, सांगत नव्हतो?” त्याच्या शंकेला आधार आहे. पुरावा मात्र त्याच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. तुमच्या मुलीने पोस्टर काढलं ते मला समजतं. पोस्टर काढायला न्यायालयाइतका पुरावा लागत नाही.

नुसता आकडा बघून काही कळतं का, हे जरा तपासून पाहू. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. आधीचा विक्रम ८.३५ होता. इंच-अर्ध्या इंचाने पुढे सरकणारा विक्रम त्याने एका उडीत ५५ सेंटीमीटर पुढे नेला. आज असं झालं असतं तर तुमच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत दोनशे मेसेज पडले असते. पण तिथे शहर २,२४० मीटर उंचीवर, हवा विरळ, पाठीमागून वारा सेकंदाला बरोब्बर २ मीटर, म्हणजे नियमात बसणारा जास्तीत जास्त, आणि फळीवर पाय अचूक पडलेला. बीमन पुन्हा कधी त्या आकड्याच्या आसपासही गेला नाही. सगळ्या गोष्टी एकाच क्षणी जुळून आल्या, एवढंच.

आता दुसरा आकडा घ्या. ६ ऑक्टोबर १९८५, कॅनबेरा, ४०० मीटर, पूर्व जर्मनीची मारिटा कोख, ४७.६० सेकंद. कोख एकाही चाचणीत सापडली नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर मात्र पूर्व जर्मनीची सरकारी कागदपत्रं बाहेर आली. शास्त्रज्ञांनी, डॉक्टरांनी, प्रशिक्षकांनी मिळून हजारो खेळाडूंना हार्मोन दिल्याची ती दप्तरं होती. तिच्या नावापुढेही मात्रा लिहिलेल्या सापडल्या. विक्रम अजून पुस्तकात आहे. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोन ४७.७८ पळाली, तरी तो वाचला. एका आकड्यामागे वारा होता, दुसऱ्यामागे फाइल. स्टॉपवॉचला दोन्ही सारखेच दिसतात.

या पूर्व जर्मन मुलींकडे मी नंतर परत येणार आहे.

आता तुमचा दुसरा गडी, ‘जन्मालाच तसे येतात’वाला. त्याला मी फिनलंडला नेते. एरो मँट्यूरांटा नावाचा बर्फावरून स्कीवर पळणारा खेळाडू होता. १९६० ते १९६८ या तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून सात पदकं, त्यात तीन सुवर्ण. १९६४ ला इन्सब्रुकमध्ये १५ किलोमीटरची शर्यत त्याने ४० सेकंदांनी जिंकली. या खेळात एवढा फरक म्हणजे दुसरा आलेला नजरेआड. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन इतकं जास्त असायचं की लोक कुजबुजायचे, हा रक्तात काहीतरी भरून घेतो. तो आयुष्यभर नाही म्हणत राहिला. नंतर अल्बर्ट दे ला शापेल या जनुकशास्त्रज्ञाने त्याच्या सगळ्या घराण्याचं रक्त तपासलं. १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आला. घराण्यातल्या बऱ्याच जणांमध्ये एका जनुकात बारीकसा बदल होता. आपल्या मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन, म्हणजे इपीओ, नावाचं हार्मोन तयार होतं. ते अस्थिमज्जेला सांगतं, लाल पेशी बनव. पुरेशा झाल्या की ‘बास’ म्हणणारी एक कळ असते. या घराण्यात ती कळच नीट बसत नव्हती. लाल पेशी बनतच राहायच्या, रक्त जास्त प्राणवायू वाहायचं.

म्हणजे दुसरा तट जिंकला? थांबा. याच मँट्यूरांटाला १९७२ मध्ये अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक घेतल्याबद्दल पकडलं होतं. देवाने एवढं दिलेलं, तरी वर गोळी. आणि घराण्यातल्या ज्या इतरांना तो बदल मिळाला होता, ते काही सगळे ऑलिम्पिक विजेते झाले नाहीत.

मला हा माणूस आवडतो, कारण तो कुठल्याच खणात बसत नाही. ‘औषध की देणगी’ असं विचारताना आपण धरून चालतो की एक असलं की दुसरं नसणार. आपल्याकडची धावपटू दुती चंद घ्या. २०१४ मध्ये तिला बाहेर काढलं ते तिच्या शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून. ती क्रीडा लवादाकडे लढली, २०१५ मध्ये तो नियमच स्थगित झाला. मग २०२३ मध्ये त्याच दुतीवर चार वर्षांची बंदी आली, ती बंदी असलेली औषधं नमुन्यात सापडली म्हणून. फिजिओच्या सांगण्यावरून घेतली, असं तिचं म्हणणं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, एकाच मुलीच्या.

तुम्ही विचाराल, मँट्यूरांटाच्या रक्तात निसर्गाने जे केलं तेच कुणी इपीओच्या सुईने केलं तर ती फसवणूक का? उंचावर जाऊन सहा आठवडे राहिलं तरी लाल पेशी वाढतात, तेही चालतं. बुटांत कार्बनची पट्टी आणि स्पंजासारखा तळ घातला तर चालतो, फक्त रस्त्यावरच्या बुटांचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको. पोहण्याचे पॉलियुरेथेनचे पोशाख मात्र चालले नाहीत. २००९ मध्ये रोमच्या एका स्पर्धेत ४३ विश्वविक्रम पडले आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद. कुठे रेघ मारायची हे माणसांनी ठरवलेलं आहे, यात शंका नाही. कबड्डीतली निदान रेषासुद्धा चुन्याने माणसांनीच मारलेली असते. तिच्यावरून कुणी वाद घालत नाही, कारण ती खेळाआधी मारलेली असते आणि दोन्ही संघांना दिसते. सुई दिसत नाही. शिवाय सुईची किंमत शरीर मोजतं. इपीओने रक्त घट्ट होतं, हृदयाला ते ढकलणं जड जातं.

केनियाबद्दल थोडक्यात सांगते. तिथले बहुतेक मोठे धावपटू रिफ्ट व्हॅलीतल्या कालेनजिन समाजाचे. इतेन हे गाव २,४०० मीटरच्या आसपास आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. बारीक पोटऱ्या, विरळ हवेत वाढलेली फुप्फुसं, आणि पळणं हाच घर वर काढायचा रस्ता, हे सगळं खरं. बंदी भोगलेल्या केनियन धावपटूंचा आकडा शंभराच्या वर गेलाय, हेही खरं.

पण ‘आपली पोरं तिथवर पोचायची नाहीत’ हे वाक्य साताऱ्याच्या माणसाने म्हणावं याचा मला राग आला. माण तालुक्यातलं मोही तुम्हाला किती लांब? तिथली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ९:१९.७६ पळून अंतिम फेरीत गेली. १९८४ ला पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. आणि बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे: २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० पळून रौप्य. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता. सुवर्ण जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोत साबळेच्या पुढे होता फक्त पाच शतांश सेकंदांनी. साबळेचे आकडे एका ओळीत मांडून बघा. २०१८ ला ८:२९.८०, २०२४ ला पॅरिसमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद, पायरी पायरीने. प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या मैदानावर नोंदलेली आहे.

ही पायऱ्यांची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आजचे तपासनीसही तसाच विचार करतात. खेळाडूचा ‘जैविक पासपोर्ट’ असतो. वाडाने तो २००९ मध्ये आणला. (वाडा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून शनिवारवाडाच येतो, पण ही वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था. आपल्या देशातली ती नाडा.) या पासपोर्टात तुमचं रक्त दुसऱ्या कुणाशी ताडून बघत नाहीत. तुमचंच गेल्या वर्षीचं रक्त आणि आजचं रक्त शेजारी ठेवतात. मँट्यूरांटासारखा माणूस आज पळत असता तर त्याचं हिमोग्लोबिन कायमच वर दिसलं असतं आणि जनुकाचा कागद दाखवून तो सुटला असता. स्पर्धेच्या आधी वर आणि नंतर खाली जाणारा मात्र अडकला असता. नमुने दहा वर्षं जपूनही ठेवतात. २००८ आणि २०१२ च्या ऑलिम्पिकचे जुने नमुने नव्या यंत्रांवर घातल्यावर शंभराहून जास्त खेळाडू मागाहून सापडले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. ‘सगळेच’ या शब्दाकडे.

माझ्या माहितीतला सर्वांत वाईट आकडा सांगते. २०११ च्या दाएगूच्या जागतिक मैदानी स्पर्धेत खेळाडूंना नाव न कळेल अशा पद्धतीने विचारलं होतं: गेल्या वर्षभरात बंदी असलेलं काही घेतलंत का? त्यावरून काढलेला अंदाज ४३.६ टक्के. चाचण्यांत एक-दोन टक्केच सापडतात, त्या मानाने हे भयंकर आहे. पद्धतीवर आक्षेप आहेत, आकडा फुगलेला असेल असंही काही जण म्हणतात. पण तो जसाच्या तसा धरला, तरी जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी निम्म्याहून जास्त जण ‘नाही’ या बाजूला राहतात. मग ‘सगळेच’ आलं कुठून?

मी सांगते कुठून आलं. ते विक्रीचं वाक्य आहे. दुकानदार ‘हा माल सगळे नेतात’ म्हणतो ना, तेच. तुमच्या पत्रात ते दोनदा आहे. एकदा मुलीच्या तोंडी, प्रश्न म्हणून. आणि एकदा सरांच्या तोंडी, ‘बाकीच्या मुलीही घेतात’ असं. पहिल्याने तुम्ही अस्वस्थ झालात आणि दुसरं सहज लिहून गेलात. तुमच्या ग्रुपमधल्या पहिल्या गड्याला वाटतं की तो कुणाकडून फसत नाही. पण तो रविवारी चहा पिताना जे बोलतो, तेच बोलून सोमवारी कुणीतरी पोरीच्या दंडात सुई टोचतं.

आणि हे लांबच्या देशातलं राहिलेलं नाही. वाडाच्या २०२३ च्या आकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने होते, त्यात २१३ दोषी, ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत आपण वर. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाची माणसं आल्याचं कळलं आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला आठांपैकी एकच मुलगा उभा राहिला. एकटाच पळाला बिचारा. माझ्या ओळखीची पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंसुद्धा ‘स्टॅमिन्याचं इंजेक्शन’ कुठे मिळतं ते एकमेकांना विचारतात, जणू काही ग्लुकोज.

मला तुमच्या मुलीची काळजी वाटते त्याला एक जुनं कारण आहे. मी ८०० मीटर पळायचे. एका शिबिरात आम्हा मुलींना रोज संध्याकाळी रांगेत उभं करून गोळ्या मिळायच्या. कसल्या, तर ‘ताकदीच्या’. कुणीही विचारलं नाही. मीही नाही, फुकट मिळतंय, मोठी माणसं देतायत, म्हणून गिळून टाकायची. त्या कदाचित खरोखरच लोहाच्या असतील. कदाचित नसतील. पुढे पूर्व जर्मन मुलींची हकिगत वाचली, की त्यांना निळ्या गोळ्या ‘व्हिटॅमिन’ म्हणून दिल्या जायच्या आणि आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, कित्येकींना आयुष्यभराची दुखणी लागली. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी बक्षिसं खरी की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आकडा माझ्या नावावर आहे. तो माझा आहे का, माहीत नाही.

तेव्हा सरांशी बोला, पण भांडायला जाऊ नका. कित्येकदा सरांनाही कुणीतरी विकलेलं असतं. इंजेक्शनचं पूर्ण नाव, कंपनी आणि कोणत्या डॉक्टरने लिहून दिलंय ते कागदावर मागा. सर म्हणाले, “अहो, नुसतं मल्टिव्हिटॅमिन आहे,” तर म्हणा, मग चिठ्ठी द्या. कागद देणं टाळलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. त्यानंतर सर बदला, मुलगी कितीही रडली तरी. कागद मिळालाच, तर नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ या अ‍ॅपवर नाव घालून बघा आणि सोबत चांगल्या डॉक्टरला दाखवा. रक्तात लोह कमी असेल तर त्याचा उपचार डॉक्टर सांगतील. धावणाऱ्या मुलींमध्ये ते खूपदा कमी असतं, आणि तुमच्या मुलीची खरी ‘रिकव्हरी’ तिथेच अडली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आधी साधी रक्त तपासणी करून घ्या.

पावडरचं वेगळं. डब्यावर जे छापलंय त्यापेक्षा आत जास्त काही असू शकतं, आणि नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. कसं आलं हा नंतरचा मुद्दा. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव आठवत असेल. २०१६ मध्ये रिओच्या तोंडावर तो दोषी आढळला. जेवणात कुणीतरी कालवलं असं तो सांगत राहिला, नाडाने सोडलंही, पण लवादाने चार वर्षांची बंदी घातली आणि तो रिओत जाऊन कुस्ती न खेळता परतला. सोळा वर्षांच्या मुलीला पावडरीची गरज काय? अंडी, दूध, शेंगदाण्याचा लाडू, मटकीची उसळ, आणि नऊ तास झोप. झोपेबद्दल मी गंभीर आहे. मोबाइल रात्री तुमच्या खोलीत ठेवा.

आता ‘बाबा, सगळेच घेतात का’ याचं उत्तर. खोटा धीर देऊ नका, “आपले नाही घेत” असं तर मुळीच नको. मी तुमच्या जागी असते तर एवढं म्हटलं असतं: “सगळे नाही घेत. बरेच घेतात. कोण घेतं ते मला टीव्ही बघून कळत नाही आणि ज्याला कळतं असं वाटतं त्यालाही कळत नाही. रूथ सापडली, म्हणून तुला वाईट वाटलं, ते बरोबर आहे. पण तुझी १०:५२ कुठून आली ते आपल्या दोघांना माहीत आहे.” (वेळ मी माझ्या मनाची घातली, खरी तुम्ही घाला.)

त्यासाठी एक वही करा. तारीख, अंतर, वेळ, पाळीचे दिवस, झोप, आणि त्या दिवशी पोटात गेलेली प्रत्येक गोळी, अगदी सर्दीचीसुद्धा. मुलीच्या हाताने लिहू दे. घरगुती पासपोर्टच तो. मोठी झाली आणि कधी नाडाची माणसं दारात आली तर उपयोगी पडेल. आणि पन्नाशीत तिला स्वतःबद्दल शंका आली तर उघडून बघायला काहीतरी असेल, माझ्याकडे नाही.

भिंतीवर लगेच दुसरं पोस्टर लावू नका. लावायचं की नाही आणि कुणाचं, ते तिचं तिला ठरवू दे.

रक्ताचा रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) हे दोन आकडे मला कळवा. राज्य स्पर्धेतली वेळही कळवा, नंबर आला नाही तरी.

– तुमची ताई